बचत कुणाची, झीज कुणाची?



गेल्या डिसेंबरात आमच्या कार्यालयात एक पत्र आलं. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. त्यानिमित्त तालुक्याच्या गावी ऊर्जा बचत सप्ताह साजरा होणार होता. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेसात ते साडेआठ सगळ्या गावाने दिवे बंद ठेवायचे, महिला बचत गटांनी 'बहुसंख्येने उपस्थित राहून' पणत्या घेऊन फेरी काढायची आणि चौकात उभं राहून शपथ घ्यायची. पत्राच्या शेवटी एक ओळ होती : 'महिलांनी शक्यतो हिरव्या साडीत यावे.'

शपथेचा कागद सोबत जोडलेला होता. अकरा कलमं. मी भांड्यावर झाकण ठेवून शिजवीन. डाळ-तांदूळ आधी भिजत घालीन. कुकर वापरीन. फ्रिजचं दार वारंवार उघडणार नाही. आठवड्याची इस्त्री एकाच दिवशी करीन. खोलीबाहेर पडताना दिवा-पंखा बंद करीन. मुलांवर बचतीचे संस्कार करीन... मी मोजलं, अकरांपैकी आठ कलमं स्वयंपाकघरातली होती. सार्वजनिक कृती म्हणायचं, आणि तिला चुलीपुढे आणून बसवायचं!

हा कागद मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. वाचताना मलाच लाज वाटत होती, पण बायकांचं म्हणणं काय ते ऐकायचं होतं. एक आजी तुरीच्या काड्यांची मोळी भिंतीला टेकवून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साडेसातला दिवे घालवायचे म्हणता ताई, मग भाकरी काय चांदण्यात थापायच्या?" सगळ्या हसल्या. हसू ओसरल्यावर आजी पुढे म्हणाल्या, "वाचवायला आधी हातात असावं लागतं. आमच्या घरात वाचवावं असं एकच राह्यलंय, सुनेची कंबर. ती वाचवायचं कलम हाये का तुमच्या कागदात?"

नव्हतं. म्हणून हा लेख.

आधीच सांगते, ऊर्जा बचतीला माझा विरोध नाही. हवामान बिघडतंय आणि त्याचा पहिला फटका बाईलाच बसतो हे आम्ही गावात रोज पाहतो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या दुष्काळात टँकरच्या रांगेत घागरी घेऊन कोण उभं होतं? वीज वाचली पाहिजे, कोळसा कमी जळला पाहिजे, आणि हे काम एकट्यादुकट्याने होणारं नाही, सगळ्यांनी मिळून केलं पाहिजे. माझा सवाल या 'सगळ्यांनी मिळून'बद्दल आहे. ठरवणारे कोण, सोडणारे कोण आणि मिळवणारे कोण, याचा हिशेब मांडल्याशिवाय जी बचत होते, ती बचत नसतेच. एकाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर सरकवलेलं असतं. आणि आपल्या समाजात ते सरकत सरकत शेवटी कुणाच्या डोक्यावर येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सरकारी हिशेबात ऊर्जा म्हणजे विजेची युनिटं, लिटरभर डिझेल, टनभर कोळसा. बाईने रानातून आणलेली मोळी, थापलेल्या गोवऱ्या, हापशावर मारलेले हात, डोक्यावरून वाहिलेलं पाणी या हिशेबात कुठेच येत नाही. जे मोजलं जात नाही, ते फुकट असतं. केंद्र सरकारनेच २०१९ साली लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली. घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो असं दिसलं. पुरुषांमध्ये असं काम करणारेच मुळात चारांत एक, आणि जे करतात त्यांची ९७ मिनिटं. म्हणजे घर चालवणारं सगळ्यात मोठं इंजिन बाई आहे आणि त्याला मीटर नाही.

आता चुलीकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार देशात स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरं ५९ टक्क्यांच्या आसपास, ग्रामीण भागात फक्त ४३ टक्के. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि दहा कोटींहून जास्त घरांत गॅसची जोडणी गेली. हे मोठं काम आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. पण उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी चारच्या आसपासच सिलिंडर भरून येतात. पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक सगळा गॅसवर करायचा तर सात-आठ तरी लागावेत. उरलेले दिवस काय जळतं? पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, गोवऱ्या आणि बाईची फुप्फुसं. आमच्या गटातल्या कितीतरी घरांत सिलिंडर पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. वर्तमानपत्राच्या कागदाने झाकलेलं, हळदीकुंकू लावलेलं.

गंमत बघा, या बाईने विजेचं युनिट फारसं वापरलेलं नसतं, गॅस जपून वापरलेला असतो, गाडी तर तिच्या नावावर नसतेच. पर्यावरणाच्या पुस्तकात तिच्याइतकी आदर्श नागरिक सापडणार नाही. आणि तिलाच चौकात उभं करून आपण 'मी ऊर्जा वाचवीन' म्हणायला लावणार!

असं पहिल्यांदाच होतंय असंही नाही. १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. जंगल वाचेल, धूर जाईल, दोन्ही हेतू चांगले. लाखो निर्धूर चुली बसवल्या आणि २००२ साली कार्यक्रम गुंडाळला गेला. अनेक घरांत त्या चुली मोडून पडल्या किंवा कोपऱ्यात राहिल्या, कारण भाकरीचा तवा कसा बसतो, जळण किती लांबीचं असतं, हे ती जाळणारीला विचारायचं राहून गेलं होतं. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९८६ सालीच आपल्या पुस्तकात दाखवून दिलं होतं, की चुलीचा प्रश्न नुसता तंत्राचा नाही. घरात पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्या डोळ्यांत धूर जात नाही, आणि जिच्या डोळ्यांत जातो तिच्याकडे अधिकार नाही.

मग सामूहिक बचत होतच नाही का? होते. दोन उदाहरणं देते.

पहिलं एलईडी दिव्यांचं. आज खेड्यातल्या घरातही पिवळा बल्ब जाऊन एलईडी आला आहे. तो काही शपथ घेऊन आला नाही. सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली. २०१४ च्या सुरुवातीला तीनशे रुपयांच्या वर असलेला खरेदीचा भाव दोन-अडीच वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त दिवे लोकांपर्यंत गेले. इथे कुणाही बाईला जादा राबावं लागलं नाही, उलट बिल कमी झालं. खरी बचत ही अशी धोरणात होते, कारखान्यात होते, खरेदीच्या टेबलावर होते. तिथे कुणी हिरव्या साडीतल्या बायका बोलावल्या नव्हत्या.

दुसरं उदाहरण माझ्या स्वतःच्या गावचं. २००६ साली मी दहावीला होते. ग्रामीण महाराष्ट्रात तेव्हा बारा-बारा तास भारनियमन. वीज यायची ती अपरात्री. मोटारी चालू करायला पुरुष रानात जायचे आणि दळणाचे डबे घेऊन बायका गिरणीपुढे रांग लावायच्या. माझी आई रात्री दोन वाजता दळण आणून पहाटे पाचला पुन्हा चुलीपुढे बसलेली मी पाहिली आहे.

त्या सुमाराला वीज कंपनीने 'अक्षय प्रकाश' नावाची योजना आणली होती. संध्याकाळी सगळ्यांना एकाच वेळी वीज हवी असते, ताण तेव्हाच येतो. गावाने एकमताने ठरवायचं की त्या वेळात शेतातल्या मोटारी, गिरण्या, शेगड्या चालवायच्या नाहीत, आकडे टाकायचे नाहीत. एकाने मोडलं तर सगळ्यांचं नुकसान. बदल्यात घरातल्या दिव्या-पंख्यापुरती वीज संध्याकाळभर मिळायची. आमच्या गावाने हे केलं. कुणाचाही पोलीस पहारा नव्हता, गावच गावाकडे बघत होतं. मी दहावीचा अभ्यास त्या उजेडात केला. हे ऋण मी विसरलेली नाही, आणि म्हणूनच त्या योजनेबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते.

पण हा निर्णय देवळाच्या पारावर झाला होता. तिथे बसलेल्या एकाही माणसाने कधी दळण आणलं नव्हतं. संध्याकाळची गिरणी बंद झाली, म्हणजे रानातून आलेल्या बाईला दळणासाठी एकच वेळ उरली, रात्री अकराच्या पुढची. दिवसा थ्री फेज यायची, तेव्हा सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. व्होल्टेज पडायचं आणि गिरणी घुर्रर्र करून थांबायची. गावाच्या टाकीत पाणी चढायचं नाही ते वेगळंच. पोराच्या अभ्यासाला उजेड मिळाला, त्याची किंमत आईच्या झोपेने भरली.

शेवटी आई आणि आणखी पंधरा-वीसजणी ग्रामसभेत गेल्या. पायरीवरच बसल्या, आत कुणी या म्हटलंही नाही. त्यांची मागणी साधी होती. दिवसा थ्री फेज आली की पहिला एक तास मोटारी बंद ठेवायच्या. आधी टाकी, आधी दळण, मग रान. खूप आरडाओरडा झाला. "बाया आता शेती शिकवणार!" असंही कुणी म्हणालं. आईने एवढंच विचारलं, "रानात पाणी पाजून घरी आल्यावर भाकरी लागते का नाही?" तास मिळाला. मग मात्र ती शिस्त मोडू नये म्हणून सगळ्यांत जास्त राखण बायकांनीच केली.

एमएसडब्ल्यूच्या वर्गात पुढे मी 'लोकसहभाग' या विषयावर कितीतरी पानं लिहिली. त्या सगळ्या पानांत जे नव्हतं ते मी त्या पायरीवर शिकले होते. प्रत्येकाने काहीतरी सोडायचं, सोडल्याचं फळ डोळ्यांना दिसायचं, आणि ज्याच्या अंगावर भार येणार त्याचं म्हणणं आधी ऐकायचं. यातला एक पाय निघाला की तिवई कलंडते.

त्याच २००६ साली पुणे शहराने आपलं भारनियमन टाळलं. उद्योगांनी स्वतःची जनित्रं चालवायची, त्याचा वाढीव खर्च शहरातल्या वीजदरातून भागवायचा, अशी व्यवस्था वीज नियामक आयोगाच्या संमतीने झाली. हीही सामूहिक कृतीच. पण फरक पाहा. शहराने पैसे भरून उजेड घेतला, खेड्याने मोटार आणि झोप देऊन. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडून श्रम घ्यायचे, ही आपल्या 'सर्वांच्या सहभागा'ची जुनीच रीत आहे.

वीजनिर्मितीत तर ही रीत उघडीनागडी दिसते. मुंबईला वीज हवी म्हणून मुळशीत धरण बांधलं, त्याविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्यात बायाही होत्या. कोयनेच्या धरणाने गावं उठली, त्यांतल्या कित्येकांचं पुनर्वसन साठ वर्षं उलटली तरी पुरतं झालं नाही. सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातली ३३ आदिवासी गावं आली. त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा असं लवादाने ठरवलं, पण जिचं घर-शेत बुडालं त्या बाईच्या वाट्याला कोणतं कलम आलं? जिने कधी बटण दाबलं नाही तिच्याकडून घर मागायचं, आणि ज्याच्या घरात चार वातानुकूलन यंत्रं आहेत त्याच्याकडून वर्षातून एक तास मागायचा. तोही टाळ्या वाजवून!

इथे चिपको आठवल्याशिवाय राहत नाही. २६ मार्च १९७४ ला रैणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणींनी झाडं वाचवली, हे आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही असतं. झाडाला मिठी मारलेल्या बाईचं चित्र सगळ्यांना आवडतं. पण १९८० साली त्याच चमोली जिल्ह्यात डुंगरी-पैंतोली इथे काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. तिथल्या गावपंचायतीतल्या पुरुषांनी बांजाचं जंगल तोडायला संमती दिली होती. बदल्यात गावाला पक्का रस्ता, शाळा, दवाखाना आणि वीज मिळणार होती. बायकांनी विरोध केला, तो बाहेरच्या ठेकेदाराइतकाच घरातल्या माणसांना. कारण जंगल गेलं तर चारा-सरपणासाठी आणखी कोसभर चालणारे पाय त्यांचेच होते. वीज येणार होती पुरुषांच्या सहीने, आणि तिची किंमत मोजली जाणार होती बायकांच्या पायांनी. त्यांनी जंगल तोडू दिलं नाही.

त्या बायका विकासाच्या विरोधात होत्या का? नाही. त्यांना हिशेब समजत होता, एवढंच.

आता थोडं आपल्याबद्दल. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तेल, धान्य, रॉकेल हे राजकारणाचे विषय झाले. स्वयंपाकघरातली वस्तू हातात घेऊन त्या मंत्रालयापर्यंत गेल्या. आज उलटी वाट दिसते. मंत्रालयात ठरायला हवं ते आपल्या स्वयंपाकघरात आणून टाकलं जातंय आणि आपण महिला संघटना, संस्था, गट त्यावर 'जाणीवजागृती'ची शिबिरं घेतोय. मीही घेतली आहेत. प्रकल्पाचा निधी होता, अहवालात उपस्थितीचे आकडे भरायचे होते. पंख्याखाली बसून मी घामाघूम बायकांना पंखा बंद करायला सांगितलं आहे. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहिलं पाहिजे.

मग करायचं काय? नुसती नावं ठेवून आपलं भागणार नाही. मला सुचतं ते मांडते, त्यात तुम्ही भर घाला, चुकत असेल तिथे खोडा.

पहिली गोष्ट, यापुढे ऊर्जा बचतीच्या कोणत्याही मोहिमेत आपण जाऊ तेव्हा हिशेबाचे दोन रकाने मागू. एकात वाचलेली युनिटं आणि दुसऱ्यात बाईचे वाढलेले किंवा वाचलेले तास. दुसरा रकाना कोरा असेल तर आपला सहभागही कोराच.

दुसरी, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे. किती गावांत ती खरंच भरते आणि किती गावांत घरोघर वही फिरवून सह्या घेतल्या जातात, हे आपल्याला माहीत आहे. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या सभेत सरपण, पाणी, गिरणी, रस्त्यावरचे दिवे हे विषय लेखी घालू. आईला पायरीवर बसावं लागलं, तिच्या नातीला लागू नये.

तिसरी, विजेचे दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्यासाठी जाहीर सुनावणी घेतो. तिथे उद्योगांचे प्रतिनिधी येतात, शेतकऱ्यांचे येतात, ग्राहक संघटना येतात. कोणीही नागरिक हरकत नोंदवू शकतो. घरगुती विजेची बिलं ज्यांच्या संसारातून जातात त्या बायकांच्या संघटना तिथे किती दिसतात? आकडे अवघड असतात हे खरं. पण बचत गटाच्या व्याजाचे हिशेब बोटांवर करणाऱ्या बायकांना वीजदराचा तक्ता कळणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

चौथी, सौर पंपांच्या योजना येतात, त्या सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. शेतात राबणाऱ्या किती बायकांचं नाव सातबाऱ्यावर आहे? ऊर्जेचा प्रश्न असा जमिनीच्या हक्काशी येऊन पोचतो. तो तिथपर्यंत नेल्याशिवाय सोडायचा नाही.

आणि पाचवी, बचतीची सुरुवात वरून होऊ द्या. भरदिवसा जळणारे रस्त्यावरचे दिवे, रात्रभर झगमगणारे जाहिरातींचे फलक, रिकाम्या कार्यालयांतली थंडगार दालनं आधी. भांड्यावर झाकण ठेवायला आम्हाला आमच्या आज्यांनीच शिकवलंय.

त्या पत्राचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. आम्ही गेलो. चाळीसजणी होतो, ज्या त्या आपापल्या साडीत. वेळ साडेसातच्या ऐवजी साडेनऊची करा, स्वयंपाक आटपून येऊ, असं आधीच लेखी कळवलं होतं. कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून भाकऱ्या दुपारीच थापून ठेवल्या. पणत्या घेतल्या नाहीत. शपथेची वेळ आली तेव्हा आम्ही आमचा कागद पुढे केला. त्यावर व्यासपीठावरच्या मंडळींनी घ्यायची शपथ होती, पाच वाक्यांची. पहिलं वाक्य : 'आमच्या अखत्यारीतला एकही दिवा दिवसा जळणार नाही.' ती कुणी घेतली नाही. पाहुण्यांनी 'भगिनींच्या भावना समजू शकतो' म्हटलं आणि फोटो काढून कार्यक्रम संपला.

मात्र उतरताना एक तरुण इंजिनिअर आमच्याजवळ आला. दिवसा जळणाऱ्या खांबांचे नंबर त्याने वहीत लिहून घेतले. आज मुख्य रस्त्यावरचे दिवे सकाळी विझतात. आमच्या वस्तीकडचे अजून जळतात. पुढच्या महिला सभेत तो विषय आहे.

आजींना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. खांबाचं झालं. आता सुनेच्या कंबरेचं कधी?"

हा प्रश्न मी तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीसाठी पाठवते आहे.